मगभर सॉल्व्हंट

आमच्या युनिटात हळदीचं तेल दोन तऱ्हांनी निघतं आणि दोन्हींची खडान्‌खडा माहिती मला आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईला काही कळत नव्हतं. मी ज्योती, बी.एस्सी. केमिस्ट्री. कळमनुरीहून हिंगोलीकडे जाताना रस्त्याला लागून असलेल्या या युनिटची लॅब सहा वर्षं सांभाळते आहे. कळत सगळं होतं. तीच तर रड आहे.

पहिली तऱ्हा वाफेची. टाकीत हळदीचा पाला नाहीतर गड्ड्यांचा भरडा भरायचा, खालून वाफ सोडायची. पाल्याला तीन-चार तास, भरड्याला आठ-नऊ. वाफेबरोबर तेल वर चढतं, नळीत थंड होतं आणि भांड्यात पाण्यावर तरंगतं, ते काढून घ्यायचं. घाई केली तर चांगला भाग टाकीतच राहतो, आच वाढवली तर जळका वास येतो, लोखंडी टाकी वापरली तर तेल काळपट पडतं. पण नीट काढलं तर त्या तेलात हळद आणि पाणी यांच्याशिवाय तिसऱ्या कशाचाही संबंध येत नाही. रंगसुद्धा फिका असतो, कारण हळदीचा पिवळा रंग वाफेबरोबर वर चढत नाही.

दुसरी तऱ्हा सॉल्व्हंटची. भुकटीवर ॲसिटोन आणि हेक्झेनचं मिश्रण ओतायचं. ॲसिटोन रंग ओढून घेतं, हेक्झेन तेल ओढून घेतं, दोघं मिळून हळदीला धुऊन काढतात. मग ते सगळं तापवून, पंपानं हवा ओढून सॉल्व्हंट उडवायचं आणि परत ड्रममध्ये जमा करायचं. खाली लालसर, घट्ट तेल उरतं. वाफेपेक्षा माल कितीतरी जास्त, शिवाय रंगासकट. फक्त सॉल्व्हंट पुरतं उडायला वेळ द्यावा लागतो. वेळ चोरला तर ते तेलातच बसून राहतं, आणि तेल पुढे लोकांच्या पोटात जातं. म्हणून ग्राहकाची अट असते: दहा लाख भागांत हेक्झेन पंचवीस भागांच्या वर नको. ते पंचवीस भाग मोजणं हे माझं काम. सव्विसावा भाग दिसला तर मी अख्खा लॉट परत तापवायला लावायची. मालक अमृतराव कपाळाला हात लावायचे. त्यांचा खाक्या ‘पी हळद अन् हो गोरी’ असाच होता. पण माझ्यापुढे त्यांचं चालत नव्हतं, आणि मला त्याचा गर्व होता.

शिवकन्या मागच्या एप्रिलमध्ये कामाला लागली. वय एकोणतीस, बी.ए. झालेली, सात वर्षांची एक मुलगी, सृष्टी. नवरा नरसिंग जिल्हा परिषदेत शिपाई होता. औंढ्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उभ्या ट्रॅक्टरवर आदळली. त्याच्या जागी हिला अनुकंपावर नोकरी मिळणार होती, पण शिपायाच्या जागा भरलेल्या होत्या. लिपिकाची एक होती. तिच्यासाठी मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र हवं, मिनिटाला तीस शब्द. पुढची यादी मार्चमध्ये लागणार आणि टायपिंगची परीक्षा जानेवारीच्या शेवटी. म्हणून ही बया सकाळी सातला कळमनुरीच्या टायपिंग क्लासला जायची, तिथून नऊला आमच्याकडे.

‘‘ताई, मी कीबोर्डाकडं बघतच न्हाई,’’ ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. ‘‘सर म्हणतेत, बोटाला डोळे पायजेत. माझ्या बोटाला फुटून राहिले बगा डोळे.’’

जेवणाच्या सुट्टीत ती डब्याच्या झाकणावर बोटं नाचवायची. मी एखादं वाक्य बोलायचे, ती झाकणावर ते टाइप करायची आणि म्हणायची, ‘‘झालं, पुढचं सांगा.’’ मला पोरगी आवडली. माझ्या तोंडाला लागणारी माणसं मला कमीच मिळतात.

तिचं काम सॉल्व्हंटच्या बाजूला. भुकटी टाकीत भरायची आणि तेल ओढून झालेला चोथा बाहेर काढायचा. दोन दिवसांत हात मनगटापर्यंत पिवळे. आता हिंगोली जिल्ह्यात पिवळ्या हातांचं कुणाला कौतुक? काढणीच्या दिवसांत इथं हळद शिजवणाऱ्या प्रत्येक बाईचे हात पिवळे असतात; विधवा असो, सवाष्ण असो, शेतात कुणी बघत नाही. पण काढणी महिन्या-दीड महिन्यात उरकते. हिचे हात रोजचेच पिवळे, आणि साधेसुधे नाहीत, बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरीचे.

मे महिन्यात तिच्या चुलतदिराच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी शिवकन्या रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत कणीक मळत बसली, तर पाहुण्यांतली एक बाई आत आली आणि भर बायकांत म्हणाली, ‘‘अगं बाई, नवरीच्या आधी हिलाच लागली का हळद?’’ बायका हसल्या. सासू भिकाबाई तिथंच होती. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. स्वतः उठायची, माठातून घ्यायची.

‘‘शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं,’’ शिवकन्या मला सांगत होती. ‘‘म्हातारी बोलतच न्हाई. मी म्हणलं, आत्याबाई, कामाचा रंग हाय. तर म्हणली, माय, तुझा सासरा गेला तवापासून तीस वर्सं मी हळद बोटाला लागू देली न्हाई. तुझे हात बघितले का मला नरसिंगचं लगीन आठवतंय.’’

माझं डोकंच फिरलं. भाजीत हळद चालते, लोणच्यात चालते, हाताला लागली की कुळ बुडतं. माझी आई मालनबाई बौद्ध पंचायतीत उठून बोलणारी बाई. बाबा गेल्यावरही हिरव्या बांगड्या भरते आणि कुणी नाक मुरडलं तर त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेते. मी शिवकन्येला तेच ऐकवलं. म्हटलं, कुणाच्या बापाला घाबरतेस? ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या घरी आई हाय. माझ्या घरी सासू हाय. सृष्टीला तीच सांभाळून राहिली.’’

तिनं हात पुढे केले. साबण, राख, लिंबू, सगळं करून झालं होतं. शेवटी विटकरीच्या तुकड्यानं घासून बोटांच्या पेरांवरची सालं निघाली होती, रक्त आलं होतं आणि पिवळा रंग जसाच्या तसा होता. आणि हे हात घेऊन ती सकाळी टायपिंगला जायची. क्लासचे सर तिला कोपऱ्यातला एकच कॉम्प्युटर देत, कारण बाकीच्या मुली म्हणत बटणं पिवळी होतात.

तर मी काय केलं? मी शहाणी, केमिस्ट्रीवाली. सॉल्व्हंटच्या ड्रमची तोटी उघडून मगभर सॉल्व्हंट काढलं, फडकं बुडवलं आणि तिच्या हातावरून फिरवलं. एका फटक्यात पिवळा रंग फडक्यावर आला आणि खाली तिचा गहूवर्णी हात उघडा पडला. ‘‘अगं बाई! थंडगार लागून राहिलं,’’ ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं स्वच्छ. मी तिला समजावूनही सांगितलं. म्हटलं, यात ॲसिटोन असतं, नेलपॉलिश काढायला शहरातल्या बायका हेच वापरतात, काही होत नाही. हेक्झेनचं नावही मी घेतलं नाही. माझ्या डोक्यात ते तेलात मोजायची गोष्ट होती, हाताची नव्हती.

‘‘ताई, तुमी देवमाणूस,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, देव आमच्यात चालत नाही, नुसतं माणूस म्हण. त्या दिवशी मी घरी फार खुशीत गेले.

मग ते रोजचं झालं. जेवणाच्या आधी एकदा, सुटताना एकदा. बायकांच्या मोरीला खिडकी नाही; दार लावून ती आत दहा-पंधरा मिनिटं सॉल्व्हंटनं हात-पाय धुवायची आणि बाहेर यायची तेव्हा मोरीभर तो गोडसर वास कोंडलेला असायचा. पुढे सकाळच्या क्लाससाठी एक बाटली घरी नेली, फडकं डब्याबरोबर ठेवलं. तिकडे भिकाबाई परत तिच्या हातचं पाणी प्यायला लागली. टायपिंगच्या सरांनी तिला चांगल्या कॉम्प्युटरवर बसवलं. पोळ्याच्या आसपास ती धावत लॅबमध्ये आली. ‘‘ताई, अठ्ठावीस! दोनच राहिले!’’ मी तिला माझ्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी दिली आणि म्हटलं, लिपिक झाल्यावर माझी फाईल दाबून ठेवू नकोस म्हणजे झालं.

अठ्ठावीसच्या पुढे ती गेली नाही.

दसऱ्याच्या सुमारास तिची चप्पल पायातून निसटायला लागली. निसटली तर माणूस थांबतो, मागे वळतो. ही थांबायचीच नाही, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तशीच अंगणातून चालत यायची. मी ओरडायचे, ‘‘काय गं, दुसरी कुणाला दान केलीस?’’ ती खाली बघायची, हसायची, परत जायची. मला वाटायचं, पोरगी टायपिंगच्या तंद्रीत आहे. मी तिला ‘एकचप्पल’ म्हणून हाक मारायला लागले आणि टाकीवरची माणसंही तसंच म्हणायला लागली. हे लिहिताना माझी जीभ हासडून काढावीशी वाटते.

मग बोटं. ‘‘मुंग्या येऊन राहिल्यात, ताई. बटण दाबलं का न्हाई, समजंना.’’ गती चोवीसवर आली. हिंगोलीच्या एका डॉक्टरनं अशक्तपणा सांगितला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. कामाबद्दल त्यानं विचारलं तेव्हा ही म्हणाली, हळदीच्या कारखान्यात. डॉक्टर म्हणाला, मग चांगलंच आहे, हळद आरोग्याला उत्तम. आमच्याकडे असंच आहे. हळदीचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

दिवाळीनंतर आमचा एक लॉट परत आला. मामा वारल्यावर मी त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेले होते त्या दोन दिवसांत अमृतरावांनी सॉल्व्हंट उडवायचा वेळ निम्म्यावर आणला होता आणि माझ्या रिपोर्टची वाट न बघता माल पाठवला होता. ग्राहकाच्या तपासणीत हेक्झेन नव्वदच्या वर. अमृतराव लॅबमध्ये येऊन बसले. ‘‘मॅडम, बराबर किती तास तापवायचं ते लिहून द्या. परत ही तकलीफ नको.’’ ते लिहून द्यायला मी सॉल्व्हंटच्या ड्रमबरोबर आलेल्या कागदांची फाईल काढली. हेक्झेन किती अंशांवर उडतं ते त्यात होतं, ते मला पाठच होतं, तरी म्हटलं कागद बघून लिहावं. म्हणून पानं उलटली आणि पुढचं वाचलं.

इंग्रजीत होतं. जास्त दिवस वाफ नाकात गेली किंवा कातडीला लागत राहिलं तर हातापायांच्या नसा खराब होतात. सुरुवात बोटांपासून. मुंग्या, बधिरपणा, मग पकड जाते, पाय ओढत चालावं लागतं. ॲसिटोन सोबत असेल तर हा परिणाम अधिक. बंद खोलीत वापरू नये, हातमोजे घालावेत, हात धुवायला कधीही वापरू नये. आणि शेवटी एक ओळ: संबंध तोडल्यानंतरही दोन-तीन महिने त्रास वाढत जाऊ शकतो, मग थांबतो, भरून यायला वर्षं लागतात आणि कधी पुरतं भरून येत नाही.

कागदाच्या तळाशी ‘वाचले व समजले’ असा शिक्का आणि त्यावर माझी सही. तीन वर्षांपूर्वीची. तेलातले पंचवीस भाग मोजायला मी मशीनपुढे डोळे फोडत होते आणि शेजारच्या मोरीत एक बाई अख्खे हात त्यात बुडवून बसत होती. मगही माझाच, सहीही माझीच.

मी अमृतरावांना तिथल्या तिथे कागद दाखवला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला. माणूस वाईट नाही, पण घाबरला की वाईट होतो. ‘‘चाळीस वर्सं हळदीत हाये आमी. हळदीनं कुणाचे हात गेले?’’ मी म्हटलं, हळदीनं नाही, सॉल्व्हंटनं. ते म्हणाले, ‘‘उद्या हातमोजे येतेन, मोरीला पंखा बसवू, तिला वाफेच्या टाकीवर घ्या. पण बाहेर बोलू नका, मॅडम. युनिट बंद पडलं तर पंचवीस घरं बसतेन.’’ हातमोजे खरंच दुसऱ्या दिवशी आले.

आता माझी पाळी होती. शिवकन्येला मी लॅबमध्ये बोलावलं, स्टुलावर बसवलं. म्हटलं, त्या सॉल्व्हंटनं तुझी बोटं बधिर झालीत. आजपासून थेंबाला शिवायचं नाही. ती घाबरली.

‘‘मंग बंद केल्यावर बरं व्हईन ना, ताई? परीक्षेला दोन-अडीच महिने हायेत.’’

‘‘होईल,’’ मी म्हटलं.

शेवटची ओळ मी तिला सांगितली नाही. स्वतःला समजावलं की परीक्षेच्या तोंडावर पोरगी खचेल, आधीच काय कमी आहे तिच्या मागे. खरं कारण दुसरंच होतं. ती ओळ सांगितली असती तर तिनं विचारलं असतं, कुठं लिहिलंय? मग कागद दाखवावा लागला असता आणि तिला इंग्रजी वाचता येत नसलं तरी माझी सही वाचता येत होती. मी भ्याले. दुसऱ्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेणाऱ्या आईची मी लेक, ऐन वेळी शेपूट घातलं.

ती वाफेच्या टाकीवर गेली. तिथंही भरडा भरावा लागतोच, पण आता हातमोजे होते. तरी भुकटी मोज्यात शिरायची आणि जुना रंगही पुरता जात नव्हता. पहिल्या आठवड्यात तिनं हात परत पिवळे होऊ दिले. भिकाबाईनं पुन्हा स्वतःच्या हातानं पाणी घ्यायला सुरुवात केली. शिवकन्या ते सोसत होती. ‘‘डॉक्टरकडं नस तपासायला जाऊ,’’ मी म्हटलं, तर म्हणाली, परीक्षा झाल्यावर. मी नांदेडच्या एका मोठ्या डॉक्टरची वेळ फेब्रुवारीतली घेऊन ठेवली.

गती एकोणीसवर आली. मग चौदा. मी विचारायचे आणि ती खालच्या मानेनं आकडा सांगायची. डिसेंबरात तिला डब्याचं झाकण उघडेना, ते मी उघडून द्यायला लागले. सृष्टीच्या वेण्या शेजारीण घालायला लागली. ‘‘ताई, बंद केलं तरी काहून वाढून राहिलं?’’ तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, ‘‘थांब थोडी, उतरेल.’’ तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात टाकीवरून कुणीतरी हाक मारली आणि मी सुटल्यासारखी निघून गेले. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

परीक्षा हिंगोलीला होती. मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. ती काठीशिवाय चालत होती, पण पाय उचलून आपटत, पुढचं पाऊल कुठं पडतंय ते बघत. केंद्राच्या व्हरांड्यात मुलं-मुली रांगेनं उभी होती. थंडी होती म्हणून तिनं हात शालीत घेतले होते. हॉलतिकीट काढायला तिनं ते बाहेर काढले आणि मी बघतच राहिले. हात धुतल्या तांदळासारखे. पिवळेपणाचा डाग नाही, नखांच्या कडासुद्धा साफ. आणि तो गोडसर वास.

‘‘शिवकन्या, हे काय?’’

‘‘बंद करून काय झालं, ताई? वाढलंच की. मंग मी म्हणलं, ताईचा अंदाज चुकला. त्येच्यानं असतं तर थांबलं नसतं का? आत्याबाई एक महिना माझ्या हातचं पाणी पिली न्हाई. मंग परत चालू केलं, सकाळ-संध्याकाळ. टाकीवर आले का परत पिवळे व्हायचे, म्हणून तुमाला दिसलं न्हाई. घरी बाटली व्हती. ती संपली तवा टाकीवरल्या भाऊंनी आणून देली.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दीड महिना झाला असंन.’’

मी मनातल्या मनात दिवस मोजले. त्याच वेळी तिचा नंबर पुकारला गेला. दाराशी टेबल टाकून एक मध्यमवयीन पर्यवेक्षक बसले होते. त्यांनी हजेरीचा कागद पुढे सरकवला, पेन दिलं. शिवकन्येनं पेन घेतलं. ते तिच्या बोटांत उभंच राहीना. अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस बसून तिथं खळगा पडला होता. पेन टेबलावर पडलं. तिनं उचललं, दोन्ही हातांनी धरून पाहिलं, ते पुन्हा घरंगळून खाली गेलं. मागची रांग चुळबुळायला लागली. पर्यवेक्षक बिचारे भले गृहस्थ, त्यांना वाटलं बाईला लिहिता येत नाही. खणातून शाईचा पॅड काढून त्यांनी हळूच पुढे केला.

‘‘राहू द्या ताई. अंगठा लावा.’’

शिवकन्या बी.ए. आहे. तिनं त्या पॅडकडे बघितलं, मग माझ्याकडे. एखादं लेकरू मार खाताना आईकडे बघतं, तसं. मग तिनं अंगठा लावला आणि आत गेली.

तिच्या पुढे-मागे गेलेली पोरं बाहेर आली, हसत, एकमेकांना किती ओळी झाल्या ते विचारत. ती सगळ्यात शेवटी आली. तीच म्हणाली, ‘‘दीड ओळ. आन् ती बी चुकीची. एकच अक्षर दाबलं गेलं न् दाबलेलंच राहिलं, मला कळलंच न्हाई. पडदाभर तेच.’’

व्हरांड्याच्या पायरीवर आम्ही बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. कागद, शिक्का, सही, शेवटची ओळ. सॉल्व्हंट बंद केल्यावरही त्रास वाढणार होता हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं, हे सांगितलं. वाढला तरी पुढे तो थांबणार होता, फक्त सॉल्व्हंटला न शिवता धीर धरायला हवा होता, हेही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, माझे केस उपटेल. तिच्या हातांत तेवढीही ताकद नव्हती.

‘‘म्हंजी मला सांगितलं असतं,’’ ती सावकाश म्हणाली, ‘‘तर मी पिवळे हात घेऊन बसले असते. लोक बोलले असते. म्हातारीनं पाणी घेतलं नसतं.’’ तिनं हात परत शालीत घेतले. ‘‘येवढंच करायचं व्हतं ना, ताई?’’

‘‘एवढंच,’’ मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. मग उठली. उठताना मी दंड धरला तर तिनं तो सोडवून घेतला. स्टँडवर कळमनुरीची गाडी लागलेली होती. पायरीशी तिला दांडी पकडता येईना, तिनं दांडीत कोपर अडकवलं आणि सगळं अंग ओढून वर घेतलं. मागची माणसं खोळंबली होती, कुणीतरी म्हणालं, ‘‘आवं बाई, हात न्हाईत का तुमाला?’’ ती आत जाऊन खिडकीला बसली आणि मी शेजारच्या रिकाम्या जागेपाशी गेले तेव्हा तिनं तिथं आपली पिशवी ठेवली.

मी कळमनुरीपर्यंत उभ्यानं आले.